पोरगा अंधेरीचा, जनावरं भिवंडीची

माकड झाडावरून पडतं तेव्हा कसं ओरडतं, माहितीय? आधी आवाज वर चढतो, मधे फांदी लागली की तुटतो, आणि खाली आपटलं की पोटातून "हुप्" निघतं. माकड कॉमेडी असेल तर शेवटी बारीकसं "आई गं" पण घालायचं. हे मी पोटापाण्यासाठी करते. सिरियसली. राहायला भिवंडी, वय सव्वीस, धंदा माकडांचा.

दिवाळी अंकात असले लेख रिटायर झालेली माणसं लिहितात, असं संपादक ताईंनीच मला सांगितलं. कुणी पोस्टमास्तर, कुणी हेडनर्स. मी बोलले, ताई, मला अजून धड चिकटायला नोकरी मिळाली नाही, रिटायर कुठून होऊ? त्या बोलल्या, "तू जंगलाचं लिही गं, मज्जा येईल." म्हणून लिहितेय. एका दमात टाइप करतेय, कारण थांबले तर चिडेन. तशी आत्ताच चिडलेली आहे.

जंगल म्हणजे कार्टून. कुणा जुन्या गोऱ्या लेखकाच्या जंगलातल्या साहसांच्या जाडजाड कादंबऱ्या, त्यावरून परदेशात कुणीतरी लहान मुलांची सिरियल बनवली. लेखक जंगलात गेला असेल-नसेल, सिरियलवाले नक्की गेलेले नाहीत. यांच्या जंगलात वाघ आणि सिंह शेजारी-शेजारी राहतात, सोसायटीत राहिल्यासारखे. मधे एक गोरा पोरगा. जन्मल्यापासून जंगलात, अंगावर एक चिंधी, पण केसांचा कट बघा! कोण कापतो? अस्वल? दात असे की टूथपेस्टच्या जाहिरातीत उभा करा. तो वेलींवरून झोके घेतो आणि सगळ्या प्राण्यांना त्यांच्याच जंगलात कसं राहायचं ते शिकवतो. सिंहाला शिकार कशी करायची हे पण तोच सांगतो. एका एपिसोडमध्ये त्याने माशांना पोहायला शिकवलं. आईशप्पथ.

सिरियलचं नाव लिहायला मनाई आहे, सही केलीय. म्हणून मी त्याला नुसतं पोरगा म्हणणार. तसंही दुसरं काही म्हणायची इच्छा नाही.

तर ही सिरियल मराठीत आणायची म्हणजे डबिंग. बाहेरच्यांना वाटतं, डबिंग म्हणजे भाषांतर करून वाचायचं. वाचून दाखवा बरं. पडद्यावर सुसर तोंड मिटते तिथे तुमच्या वाक्यात प, ब, म असलं काहीतरी पाहिजे, नाहीतर तोंड मिटलेलं आणि आवाज "आ". सुसरीचं तोंड केवढं मोठं, चूक पण तेवढीच मोठी दिसते. वाक्य लांबलं तर कापा, तोकडं पडलं तर "अरे बापरे" घालून भरा. मराठी कार्टूनमध्ये सगळे सारखे "अरे बापरे" का म्हणतात ते आता कळलं ना? भीती वाटते म्हणून नाही. जागा उरते म्हणून.

आमचा स्टुडिओ सलीमभाईंचा. सलीमभाई म्हणजे मालक, रेकॉर्डिस्ट, चहावाला, सगळं एकच माणूस. खाली त्यांच्या चुलत्यांचे कापड विणायचे लूम, वर आमचं जंगल. मुंबईच्या स्टुडिओत भिंतींना तो छान काळा फोम असतो. आमच्याकडे गोणपाटात सुताचं वेस्ट ठासून भरलंय आणि वरून रिजेक्ट झालेलं कोरं कापड ठोकलंय. आवाज मस्त दबतो. आत बसणारा माणूस पण दबतो. मे महिन्यात मी एकदा त्या खोलीत पाणघोडा झालेले, बाहेर आले तेव्हा खरंच पाणघोडा दिसत होते.

पण लूम चालू असले की वेस्ट काय, देव आला तरी आवाज थांबत नाही. जमीनच थरथरते. म्हणून आमचं मोठं रेकॉर्डिंग शुक्रवारी, लूमला सुट्टी असते तेव्हा. एका शुक्रवारी खाली ऑर्डर अडकलेली, चुलत्यांनी गुपचूप दोन लूम चालवले. वर आम्ही नाचाचा सीन करत होतो. ट्रॅकवर पहिल्यापासून शेवटपर्यंत खटखट, खटखट. परत करायला वेळ नव्हता, तसंच पाठवलं आणि शिव्यांची वाट बघत बसलो. फोन आला निखिल सरांचा. निखिल सर म्हणजे अंधेरीच्या कंपनीचे क्रिएटिव्ह हेड, मराठी व्हर्जन त्यांच्या हातात. बोलले, "ते ड्रम्स कुणी वाजवले? इतकं ऑथेंटिक! एकदम जंगलाच्या काळजातून आलेलं!"

सलीमभाई शांतपणे बोलले, "सर, लोकल आर्टिस्ट हैं. सिर्फ ऑर्डर पे बजाते हैं."

आता निखिल सरांबद्दल. हा माणूस मराठी आहे, पण मराठी ऐकताना जीभ पोळल्यासारखा चेहरा करतो. त्यांची सिस्टिम अशी, की महत्त्वाचे आवाज अंधेरीला रेकॉर्ड होणार. म्हणजे पोरगा, पोरग्याची मैत्रीण, शहाणा म्हातारा पोपट. आणि उरलेली जनावरं आणि गर्दी भिवंडीला. कारण जनावरांना आणि गर्दीला एसी लागत नाही. पोरगा अंधेरीत बोलतो, "थांबा, दुष्टांनो! हे अरण्य सर्वांचे आहे!" आणि इकडे मी गोणपाटात बसून पळणारी हरणं करते. सर्वांचे आहे म्हणे.

या सगळ्यात जनाआत्या आल्या कशा, ते सांगते.

जनाआत्या कोनच्या, म्हणजे भिवंडीजवळच्या कोन गावच्या. माझी सख्खी आत्या नाही. मम्मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच सुकी मासळी घेते, त्यामुळे मी लहानपणापासून आत्या म्हणते. जमीन गोदामाला गेली, मुलाने तीन मजली बंगला बांधला, दारात दोन गाड्या, गळ्यात सोनं इतकं की मान दुखत असणार. तरी टोपली सोडत नाहीत. "घरान बसून काय करू, सुनेचा तोंड बगू?" असं सुनेच्या समोरच बोलतात. आणि त्या धवलारीण आहेत. म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते, तिच्या गाण्याशिवाय हळद पण पुढे सरकत नाही. एका हळदीला मी गेलेले. डीजे छाती फोडत होता. आत्यांनी एकदा तोंड उघडलं आणि डीजेवाल्यानेच आवाज कमी केला. मी तिथेच ठरवलं, आपल्याला हत्तीण सापडली.

कारण त्या वेळी आमच्याकडे हत्तीण आलेली. कळपाची म्हातारी, पोरग्याला लहानपणी सांभाळणारी. दुष्काळ पडतो, हत्तीण सगळ्यांना पाण्याकडे नेते आणि वाटेत मेलेल्या पिल्लापाशी थांबते. सगळ्या सिरियलमध्ये तेवढाच एक सीन खरा. जनावर म्हणून तो भिवंडीला आला.

आत्यांना वाचता येतं, पण स्क्रिप्ट त्यांनी बघितलंच नाही. "तू सांग, मी बोलतंय." हेडफोन लावला, अंबाडा मोडला म्हणून आधी मला शिव्या दिल्या. मग पडद्यावर हत्तीण पिल्लापाशी थांबली आणि आत्या बोलल्या, "चल गो बाय माजे, उठ. पानी जवल हाय. उठतंस ना?"

सलीमभाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि पंखा नीट करायला म्हणून उठले. पंखा नीटच होता.

मी ते तसंच ठेवलं. हत्तीण कोनची बोलली तर कोणाच्या बापाचं काय जातंय? ती कुठल्या कॉलेजात गेली होती? आणि आत्यांनी त्याच संध्याकाळी अख्ख्या गावाला सांगितलं. मासळी घ्यायला येईल त्याला, "मी टीव्हीवर हत्तीन हाय." मुलाने हॉलसाठी भिंतीएवढा टीव्ही आणला. आत्यांची एक जाऊ आहे, बायजाकाकी, दोघींचं आयुष्यभर पटलं नाही. तिला तर आत्यांनी खास घरी जाऊन सांगितलं.

आणि मग निखिल सरांचा फोन.

"प्रज्ञा, हत्तीण बदलायची. कॅरेक्टर ज्ञानी आहे गं, माता आहे. तिला ही भाषा? आपण तिला अंधेरीला घेऊ, एक बाई आहेत, काय प्रमाण उच्चार आहेत त्यांचे! पण या तुझ्या आजी सोडायच्या नाहीत हं. बोनस आहेत त्या. त्यांना गावाच्या सीनला घे."

गाव म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला पाहिजे. त्या जंगलात एक गाव आहे. तिथली माणसं काळी, जाडी, नाकात हाडूक, डोळे गरगर. ती पोरग्याला पकडतात, मोठ्या हंड्यात बसवतात आणि खाणार म्हणून भोवती नाचतात. आजच्या काळात, लहान मुलांसाठी, सकाळच्या नाश्त्याच्या वेळेला. आणि सरांना हवं होतं की हे लोक "हाय-न्हाय" बोलू देत. "कॉमेडी होईल! आणि रॉ वाटेल!"

म्हणजे हत्तीण शहाणी निघाली तर ती अंधेरीला. आणि माणूस माणसाला शिजवायला लागला की तो कोनचा.

मी बोलले, "सर, माझ्या अर्ध्या वर्गमैत्रिणी अशा बोलतात."

"अगं मग रिसर्च तयारच आहे की!"

फोन ठेवला आणि सलीमभाईंवर भडकले. नेहमी त्यांच्यावरच भडकते, समोर तेच असतात. मी बोलले, हे चालणार नाही, आपण नाही म्हणू. ते मशीनकडे बघत बोलले, "हिंदी में पता है गाँववाले क्या बोलते हैं? हमार-तोहार. हमारे वतन की बोली. दादी मेरी वही बोलती थी. रिकॉर्डिंग इसी कमरे में हुई है, मैंने की है."

"और आपने कुछ नहीं बोला?"

"बोलता तो काम पूना जाता, और गाँववाले वही बोलते."

खरं होतं, म्हणून मी अजून भडकले.

शुक्रवारी आत्या आल्या. नवं लुगडं, केसात अबोलीचा गजरा. हत्तीणीचा पुढचा भाग आहे असं समजून आलेल्या. मी गोल गोल फिरवणार होते, पण आत्यांसमोर गोल फिरवलं तर त्या टोपलीतला बोंबील फेकून मारतात. सरळ सांगितलं. हत्तीण दुसऱ्या बाईंना दिली.

"माजे आवाजान काय खोट हाय?"

"आवाजात नाही आत्या. भाषेत. त्यांना शुद्ध पाहिजे."

आत्या बोलल्या, "गावाला सांगितलंय मी. बायजीला घरी जाऊन सांगितलंय." बस, एवढंच. माझ्याकडे बघितलं पण नाही, पिशवीतून पान काढलं आणि चुना लावत बसल्या. मला वाटलं आता उठून जाणार. गेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पण वाटलं.

त्या बोलल्या, "मंग मना कला बोलावलास?" म्हणजे, मग मला कशाला बोलावलंस?

काय करणार, सीन लावला. आवाज बंद, नुसतं चित्र. हंडा, खाली जाळ, हंड्यात पोरगा, भोवती नाच. दोन जाड्या बायका त्याच्या अंगाला पिवळा लेप फासतायत. मसाला असावा.

"कोन हाव आमी यातली?"

"त्या नाचतायत ना, त्या."

"नि काय करतान यी?"

"शिजवतायत त्याला."

आत्या पुढे वाकल्या. पान तोंडात तसंच. पिवळा लेप लावणाऱ्या बायका परत आल्या, परत गेल्या. "शिजवतान?" आत्या बोलल्या. "आंधले झालाव का तुमी? यी हलद हाय! हलद लावतान, पानी तापवलंय, भवतीन नाचतान. नवरा हाय त्यो! जरा पांढरा परलाय, भ्यायलाय."

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग मी लॅपटॉप ओढला.

इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. हिरोच्या तोंडाला परदेशातले चित्रकार फार जपतात, प्रत्येक अक्षराला ओठ वेगळे. गर्दीचं तसं नाही. गर्दीची तोंडं नुसती उघडतात आणि मिटतात, सगळ्यांची सारखी, कारण तिच्यावर कोण मेहनत घेणार? त्यांनी त्या गाववाल्यांच्या तोंडावर काडीची मेहनत घेतली नाही, म्हणून आम्हाला त्या तोंडात काहीही घालता आलं. मी आयुष्यात इतक्या वेगाने टाइप केलेलं नाही. आत्या बोलतायत, मी मोजून कापतेय, सलीमभाई तुकडा-तुकडा रेकॉर्ड करत पंच मारतायत. आणि पोरग्याचे डायलॉग तर अंधेरीहून आधीच फिक्स होऊन आलेले, ते बदलणार नव्हते. त्यांची काय गंमत झाली बघा.

पोरगा ओरडतो, "सोडा मला, राक्षसांनो!"

आत्या: "नवरा लाजतंय गो!"

पोरगा: "हे पाणी उकळते आहे!"

आत्या: "कोमट हाय रं. सासरवाडीला यापेक्षा जास्ती तापशील."

पोरगा: "मी तुम्हाला घाबरत नाही!"

आत्या: "लय पांढरा हाय, हलद जास्त लावा! रडू नको, सगल्यांची लग्ना व्हतान!"

आणि मधे धवला, पूर्ण आवाजात. मी, आत्या आणि खालून बोलावलेल्या दोन बायका, आम्ही सगळं गाव झालो. पोरगा शेवटी वेल पकडून पळतो, तिथे आत्यांनी जो "नवरा पलालाऽऽ" टाकलाय ना, त्याला तोड नाही. आणि शब्द एकही खोटा नव्हता. चित्राशी चिकटून होता सगळा सीन, ओरिजिनलपेक्षा जास्त.

पाठवलं. दोन्ही बाजूंनी भीती होती. सरांना कळलं तर काम जाईल, नाही कळलं तर... नाही कळलं तर या माणसाला आपण सर का म्हणतो? उत्तर आलं: "सुपर्ब! किती हिंस्र वाटतंय! अंगावर काटा!" ज्या भाषेची त्याला कॉमेडी करायची होती, तिचा एक शब्द त्याला समजत नव्हता. पास.

एपिसोड लागला रविवारी सकाळी. आत्यांनी मला घरी बोलावलेलं. बंगल्याच्या हॉलमध्ये अख्खी आळी, मुलं टाइल्सवर, बाया सोफ्यावर, बायजाकाकी बरोब्बर टीव्हीच्या समोर. आणि हत्तीण दुसऱ्या बाईंना गेली, हे आत्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला ते तिथे गेल्यावर कळलं.

हत्तीण आली. पिल्लापाशी थांबली. आणि बोलली, "ऊठ वत्सा, जलाशय आता समीप आहे."

एका मुलाने मागे वळून आत्यांकडे बघितलं, मग दुसऱ्याने. बायजाकाकीने वेळ घेतला. मग बोलली, "जने, तुजी हत्तीन पुन्याला शिकाया गेलेली का गो?"

सगळे हसले. आत्या नाही हसल्या. मी त्यांना भांडणात बघितलंय, मयतात बघितलंय. पण अशा कधीच बघितल्या नव्हत्या. बांगड्या मागे सारत बसलेल्या, नजर पायावर.

मग हळदीचा सीन आला आणि हॉल फुटला. खरंच फुटला. म्हाताऱ्या बाया धवल्यात आवाज मिसळायला लागल्या, मुलं "नवरा पलाला" करत गॅलरीत धावली, बायजाकाकीचा पदर डोळ्यांना, हसून. लोक आत्यांच्या पाठीवर थापा मारत होते. मला वाटलं जिंकलो. मी बोलले, "आत्या, बघा!"

आत्या बोलल्या, "बगितलं. पन मी हत्तीन सांगितलेली."

नंतर त्या सीनची क्लिप मुलांमध्ये फिरली, म्हणे खूप चालली. दुसरा सीझन आला तेव्हा निखिल सरांचा स्वतःहून फोन. "त्या जंगली आजी पाहिजेत! प्रत्येक एपिसोडला गाव टाकतोय!" मी तशीच कोनला गेले, निरोप दिला. आत्या सुकट निवडत होत्या.

"हत्तीन देतान का इचार."

विचारलं. नाही. "हत्तीणीच्या बाईंचा करार झालाय गं, आणि प्रेक्षकांना आवडल्यात त्या." कुठले प्रेक्षक? मला एक दाखवा.

आत्यांना तसं सांगितलं. "मंग सुकट घे नि घरी जा," त्या बोलल्या. आणि खरंच बांधून दिली.

आता गावाचे आवाज अंधेरीला होतात. कुणी नट "आयला, म्या काय म्हनतो" टाइपचं बोलतात, जी बोली महाराष्ट्राच्या नकाशावर कुठेच सापडणार नाही. सलीमभाई बोलतात, "चलो, अब ये जंगली किसी के रिश्तेदार नहीं." मला यात आनंद मानायचा की नाही ते ठरत नाहीये. मी अजून माकडं करते. नवीन सीझनमध्ये पोरगा त्यांना झाडावर चढायला शिकवणार आहे.

पण गेल्या महिन्यात मम्मीने मासळीला पाठवलं तेव्हा आत्यांकडे दुष्काळाचा एपिसोड परत लागलेला. हॉलमध्ये आळीतली मुलं. रिमोट आत्यांच्या हातात, टीव्ही म्यूट. हत्तीण चालतेय आणि सोफ्यावरून आत्या बोलतायत. सगळं पाठ. "उठ गो बाय माजे." सिंक कुठेच नाही, हत्तीणीचं तोंड मिटलं तरी आत्या चालूच, आणि मुलं तोंडं उघडी टाकून बघतायत. मी दारातच उभी राहिले.

मग वेलीवरून तो आला. केस व्यवस्थित. दात पांढरे. हात वर करून तोंड उघडलं, काहीतरी मोठं भाषण होतं ते. आत्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत प्यायला लागल्या.

एक पोरगी बोलली, "आत्या, याचा आवाज?"

"त्याचा त्यो बगल," आत्या बोलल्या. आणि तो तिकडे, भिंतीएवढ्या टीव्हीवर, नुसतं तोंड हलवत राहिला.